उजेड अडवणारी काच

दुर्बीण विकत घेणाऱ्या माणसांची वाट ठरलेली असते. पहिल्या रात्री चंद्र, दुसऱ्या रात्री गुरू आणि त्याचे चार चंद्र, तिसऱ्या रात्री शनीची कडी. चौथ्या रात्री ढग येतात, पाचव्या रात्री कुणाचं तरी केळवण असतं, आणि महिन्याभरात दुर्बीण दिवाणाखाली जाते. तिथे आधीपासून मुक्कामाला असलेली बाजाची पेटी आणि पोट कमी करायचं यंत्र तिला सरकून जागा देतात. एखादाच या वाटेने पुढे जातो. त्याला चंद्र डोळ्यांत खुपायला लागतो, शनी बालवाडीतला वाटायला लागतो आणि तो तेजोमेघांच्या नादी लागतो. हा माणूस ओळखायची खूण सोपी आहे. बाकीचे दुर्बीणवाले दिसणाऱ्या गोष्टी दाखवतात. हा न दिसणाऱ्या दाखवतो, आणि वर 'दिसलं का?' म्हणून विचारतो.

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना पोरं दुर्बीणकाका म्हणतात. दारावरची पाटी सोडली तर त्यांचं खरं नाव आता कुणीच वापरत नाही. काका बँकेतून निवृत्त झाले. चेकवरची सही खरी की बनावट हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं काकू सांगतात. आणि काकू त्यांचं कौतुक सहसा करत नसल्यामुळे ते खरं असावं. निवृत्तीच्या पैशांतून लोक चारधाम करतात, काकांनी आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण आणली. ते चार फुटी पांढरं नळकांडं जिन्याने वर जाताना पाहून निम्म्या सोसायटीने, सोलर केवढ्याला बसला, म्हणून चौकशी केली होती.

या रचनेचा जनक जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीतला संन्यासी. मठाच्या भिंतीबाहेर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला तारे दाखवायचा त्याला असा नाद लागला की १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. ही हकिगत काकांनी काकूंना मोठ्या भक्तिभावाने ऐकवली.

"संन्याशालासुद्धा मठातून काढलं गं," ते म्हणाले.

"मठाला जमलं ते," काकू म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

फिल्टर आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. कुरिअरवाला एक लहानशी डबी देऊन गेला. काकांनी ती देवासमोर ठेवली नाही एवढंच.

"काय आलं?" काकूंनी विचारलं.

"फिल्टर."

"पाण्याचा?"

"उजेडाचा. तेजोमेघ बघायला."

"म्हणजे याने जास्त उजेड येतो?"

"छे! हा उजेड अडवतो."

काकूंनी ती सव्वा इंची काच दोन्ही बाजूंनी निरखली. "अंधारात बघायचं, त्यात असेल तो उजेड अडवायचा, आणि वर त्याचे पैसे मोजायचे. केवढ्याला पडली?"

"पाचशे," काका म्हणाले.

काका खोटं बोलत नाहीत आणि इथेही ते खोटं बोलले नव्हते. पाचशे हा आकडा बरोबर होता. फक्त तो नॅनोमीटरचा होता.

त्याचं असं आहे. तेजोमेघ म्हणजे अतिशय विरळ वायू. कुठे जवळच्या तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांनी, कुठे फुटलेल्या ताऱ्याच्या धक्क्याने त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात आणि तो वायू प्रकाशायला लागतो. पण तो सगळ्या रंगांत प्रकाशत नाही, मोजक्या रेषांत प्रकाशतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या दोन ठळक हिरवट रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर येतात. काकांच्या फिल्टरचं नाव ओ-थ्री. त्याच्या काचेवर अतिपातळ थरांवर थर चढवलेले असतात. ते या दोन रेषांना वाट देतात आणि बाकीच्या बहुतेक उजेडाला आल्या पावली परत पाठवतात. तेजोमेघ तसूभरही उजळत नाही. त्याच्यामागचं आकाश काळं होतं, म्हणून तो उठून दिसतो.

एवढं ऐकूनही समोरच्याचा चेहरा कोरा राहिला की काका लग्नाच्या मांडवात शिरतात. "हे बघा, मांडवात बँड वाजतोय आणि आत्याबाई तुमच्या कानात काहीतरी महत्त्वाचं सांगतायत. फिल्टर आत्याबाईंचा आवाज वाढवत नाही. तो बँडवाल्यांना जेवायला पाठवतो." मग आवाज खाली आणून ते मुख्य गुपित सांगतात. अंधारात काम करणाऱ्या, आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी नेमक्या पाचशे नॅनोमीटरच्या आसपासच सर्वांत तल्लख असतात. "डोळ्याची आणि तेजोमेघाची पत्रिका आधीच जुळलेली आहे," काका म्हणतात. "मध्ये फक्त सोसायटी येते."

फिल्टरपाठोपाठ पाऊस आला.

आकाशाने महाराष्ट्रावर केलेला हा अन्याय काका कुणालाही, कधीही, कितीही वेळ समजावून सांगू शकतात. धनू राशीच्या परिसरात तेजोमेघांची नुसती रेलचेल आहे. एम ८, एम १७, एम २० ही त्यांतली बडी मंडळी. लंडनच्या माणसाला एम ८ क्षितिजाच्या जरा वर, धुरकट हवेतून शोधावा लागतो. पुण्यात तो निम्म्या आकाशापर्यंत चढून येतो. आणि मध्यरात्री असा तो वर येतो कधी? तर आषाढात! वारकरी पंढरपूरला निघतात, शेतकरी पेरणीला लागतो आणि काका गॅलरीत उभे राहून ढगांना उद्देशून मृदू पण स्पष्ट शब्दांत बोलतात. पाऊस हवा याबद्दल त्यांचं दुमत नाही. तो दिवसा पडावा एवढंच त्यांचं म्हणणं.

ते चार महिने फिल्टर घरातच वापरात आला. काकांनी त्यातून ट्यूबलाइट पाहिली, देवघरातलं निरांजन पाहिलं, ताटातली आमटी पाहिली. आमटी हिरवट दिसली. काकूंनी ताट उचललं.

गणपतीच्या दिवसांत आरती झाली की काका खिरापतीबरोबर विल्यम हगिन्स वाटत. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री या इंग्रज माणसाने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्यांच्या गर्दीचा सलग पट्टा दिसेल अशी कल्पना होती; दिसल्या त्या दोन-तीन सुट्या रेषा. म्हणजे तेजोमेघ हा वायू आहे, ताऱ्यांचा पुंजका नाही, हे एका नजरेत ठरलं. त्यातली ठळक हिरवी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून लोक साठ वर्षं त्याच्या मागे लागले. शेवटी १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की नवं काही नाही, हा आपला रोजचा ऑक्सिजनच. फक्त पृथ्वीवर सहसा मिळत नाही इतक्या निवांत पोकळीत तो ही रेषा सोडतो.

"आणि हा हगिन्स कोण होता?" काका प्रसाद घ्यायला आलेल्यांना थोपवून विचारत. "कापडाचा व्यापारी! घरचं दुकान विकलं आणि लंडनबाहेर वेधशाळा बांधली."

"बायकोला विचारलं होतं का?" काकूंनी आतून विचारलं.

"तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं."

"तेच म्हणते मी."

"पण पुढे त्याची बायको त्याच्याबरोबर वेध घ्यायची!" काकांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. "दोघांनी मिळून संशोधन केलंय."

"तिच्याकडे स्वयंपाकाला बाई असेल," काकू म्हणाल्या, आणि विज्ञानाच्या इतिहासावरची त्या दिवशीची चर्चा तिथे संपली.

काकांच्या घरात भिंतीवर कालनिर्णय आहे. सगळ्यांच्याच असतं. पण सगळे त्यात चतुर्थ्या, सुट्ट्या आणि लग्नाचे मुहूर्त बघतात. काका अमावास्या बघतात आणि तिच्याभोवती लाल पेनाने गोल करतात. अमावास्येला लोक गाडी घेत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत, साखरपुडा ठरवत नाहीत. काका त्या दिवशी दुपारी झोप काढतात, दाढी करतात आणि धुतलेला शर्ट घालून गच्चीवर जातात. घरी कुणाचंही कार्य ठरायचं असलं की तारखेवरून वाद होतो. गुरुजी अमावास्या टाळतात तो अशुभ दिवस म्हणून, काका टाळतात तो फुकट जाईल म्हणून. त्यामुळे हे दोघे नेहमी एका बाजूला असतात आणि एकमेकांना भाविक समजतात.

शुद्ध पक्षाशी त्यांचं वैर आहे. कोजागरीला अख्खी सोसायटी गच्चीवर मसाला दूध पीत 'काय सुंदर चंद्र आहे' म्हणत असते, तेव्हा काका पाठमोरे बसून दूध पितात. मात्र संकष्टीला त्यांचा भाव वधारतो. उपास धरलेल्या सगळ्या वहिनी त्यांना चंद्रोदयाची वेळ विचारतात, आणि काका मिनिटासकट सांगतात. शत्रूच्या हालचालींवर त्यांची बारीक नजर असतेच. दिवाळीचं दुःख निराळंच. लक्ष्मीपूजन म्हणजे ऐन अमावास्या, पाऊस नुकताच गेलेला, हवा धुऊन निघालेली, आणि त्याच रात्री घरोघर आकाशकंदील, दिव्यांच्या माळा नि फटाक्यांचा धूर. "बारा अमावास्यांतली सर्वांत चांगली अमावास्या," काका म्हणतात, "आणि सारा देश ठरवून तिची वाट लावतो."

तेजोमेघ बघायचे म्हणजे आधी डोळा अंधाराला सरावायला हवा. त्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तो सराव घालवायला जिन्यातल्या दिव्याचं एक बटण पुरतं. म्हणून काका लाल कागद लावलेली विजेरी वापरतात, आणि नेत्रिकेला डोळा लावला की डोक्यावरून काळी शाल ओढून घेतात. फिल्टर लावून त्यांनी पहिली अमावास्या साजरी केली त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाळत घातलेल्या चादरी आणायला गच्चीवर गेल्या. त्यांना दिसलं ते असं: मध्यरात्र, अमावास्या, जमिनीवर लाल उजेड, काळ्या शालीखाली वाकलेली एक आकृती, आणि आतून येणारा पुटपुटण्याचा आवाज: "सहा हजार नऊशे साठ... सहा हजार नऊशे ब्याण्णव..." चादरी वरच राहिल्या.

पुढच्या रविवारी सभा झाली. गच्चीवर कुणीतरी करणी करतंय असा विषय होता. काकांनी उभं राहून, ते आकडे एनजीसी यादीतल्या तेजोमेघांचे क्रमांक असून हंस तारकासमूहात फुटलेल्या एका ताऱ्याची ती लक्तरं आहेत, असा खुलासा केला. 'फुटलेल्या ताऱ्याची लक्तरं' हे ऐकून सभेची शंका मिटायच्या ऐवजी वाढली.

खरा घाव मात्र गल्लीत बसला. पूर्वी आमच्या गल्लीत सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा उजेड बहुतांशी पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असल्यामुळे तो फिल्टरला सहज अडवता यायचा. मग ते काढून पांढरे एलईडी लागले. त्यांचा उजेड वर्णपटभर पसरलेला, पाचशेच्या वाटेनेही थोडा आत शिरणारा. उद्घाटनाला हार, पेढे, फटाके सगळं झालं. काकांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला: जुने दिवे परत लावावेत, ते शक्य नसेल तर नव्या दिव्यांची तोंडं तरी खाली करावीत. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. 'दिव्यांबाबतच्या आपल्या तक्रारीची दखल घेऊन आपल्या इमारतीसमोर आणखी एक दिवा मंजूर करण्यात येत आहे.'

आता काकांचं सर्वांत मोठं दुखणं. एकट्याने पाहिलेला तेजोमेघ ते पाहिलेला धरत नाहीत. त्यांच्याकडे एक वही आहे. तारीख, तिथी, तेजोमेघाचा क्रमांक, फिल्टर आणि शेवटचा रकाना 'साक्षीदार'. दुसऱ्या कुणी, आधी काही न सांगता, आपण होऊन वर्णन केलं तरच नोंद पक्की. नाहीतर पेन्सिलीने. सह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने 'दिसलं' या शब्दावर विश्वास ठेवावा कसा?

आणि गच्चीवर येणारा प्रत्येक जण 'दिसलं' म्हणतो. काकांच्या मते त्याच्या जाती आहेत. एक सासुरवाडीचं 'दिसलं': डोळा नेत्रिकेला लागायच्या आधीच येतं, मेहुणे म्हणतात. दुसरं घाईचं: "वा! अप्रतिम!" म्हणून माणूस जिन्याकडे वळतो. एकदा एका पाहुण्यांनी असं 'अप्रतिम' म्हटलं तेव्हा दुर्बिणीचं तोंड पाण्याच्या टाकीकडे होतं. तिसरं सुशिक्षित 'दिसलं': "हो, पण ते हबलच्या फोटोतले रंग नाही दिसत." यावर काका शांतपणे सांगतात की एवढ्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, हबलच्या कॅमेऱ्याने तासन्‌तास उजेड साठवलेला असतो, आणि तुम्हाला रंगच हवे असतील तर रंगपंचमीला या. काकांना आवडतं ते पोरांचं. "काका, काहीच नाहीये की!" असं एखादं कार्टं ओरडलं की काका त्याला श्रीखंडाची गोळी देतात. हा माणूस उद्या खरं 'दिसलं' म्हणेल, अशी त्यांना आशा असते.

न दिसण्याचं एक कारण काकांच्या सूचनांमध्येही असतं. "सरळ बघू नका. ते जिथे आहे तिथे बघूच नका. जरा बाजूला बघा, म्हणजे तिथलं दिसेल." हे शास्त्राला धरून आहे. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्या कडेला जास्त असतात, म्हणून मंद गोष्ट तिरक्या नजरेला आधी दिसते. पण बघायला बोलावून 'बघू नका' म्हणणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ती सरळच असते.

वहीतल्या एका ओळीचा साक्षीदाराचा रकाना कित्येक वर्षं रिकामा होता. ती ओळ एनजीसी ६९६० ची, हंसातल्या त्या लक्तरांची. विल्यम हर्शेलने ५ सप्टेंबर १७८४ ला ती पाहिली, तीही फिल्टर नसताना. सगळा पसारा मिळून आकाशात पूर्णचंद्राच्या सहापट रुंद, पण इतका फिका की आठ इंची दुर्बिणीतून गावाच्या उजेडात तो 'असावा' एवढंच म्हणता येतं. हर्शेलचा काकांना हेवा वाटतो तो दुर्बिणीमुळे नाही. "त्याची बहीण कॅरोलिन शेजारी बसून लिहून घ्यायची. मला कोण आहे?"

"मी आहे की," काकू म्हणाल्या. "तुम्हाला काय दिसलं ते सांगा, लिहिते."

काकांना नक्की सांगता येईना.

चांगल्या आकाशासाठी काका लांबही जातात. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, तेव्हा काकांनी सगळ्या कुटुंबाला व्याघ्रदर्शनाला नेलं. परत आल्यावर लोकांनी विचारलं, वाघ दिसला का? "कुठला वाघ?" काकांनी विचारलं. तिथे तीन रात्री ढग होते. वाघ बाकीच्यांना दिसला.

एवढ्यात आणखी एक भानगड झालेली होती. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं. काकांनी तारखा पुढे ढकलायला सुरुवात केली. थंडीत करायचं तर मृगाचा तेजोमेघ हातचा जातो. मृग मावळल्यावर करू म्हणावं तर मार्च-एप्रिलचं आकाश सोडवत नाही. पावसाळ्यात तर डोळ्याला जपायला हवं, काकूच म्हणतात. बारा महिन्यांत मोतीबिंदूला जागाच उरत नव्हती. त्यांच्या आईंनी मात्र चौऱ्याऐंशीव्या वर्षी वैशाखात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली, आणि आठवड्याभरात सुनेला भांड्यांवर राहिलेले डाग दाखवायला लागल्या.

कार्तिकातल्या अमावास्येला आईंना राजापूरकडच्या घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी, देवाला नैवेद्य. काकांनी एरवी चार सबबी सांगितल्या असत्या, पण कालनिर्णयावरचा लाल गोल पाहून ते एकदम मातृभक्त झाले. मागच्या सीटवर आई आणि काकू, त्यांच्या मांडीवर आडवी दुर्बीण, आणि गाडी चालवायला मी, अशी वरात घाट उतरून गेली.

मागीलदारी, विहिरीच्या अलीकडे दुर्बीण लागली. साडेसातला वीज गेली. घरातून सगळ्यांचा सुस्कारा ऐकू आला आणि मागीलदारातून काकांचा आनंदाचा हुंकार. मालिका अर्ध्यावर बंद पडली म्हणून आई काठी टेकत बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या. हंस पश्चिमेकडे कललेला होता, त्यामुळे नेत्रिका बरोबर त्यांच्या तोंडासमोर आली होती.

"काय बघतोस रे?"

"तूच बघ," काका म्हणाले. नियम म्हणजे नियम, आई झाली म्हणून काय?

आईंनी डोळा लावला. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, उदबत्ती कुणी लावलीये?"

"कुठे?"

"इथे, आत. धूर चाललाय की. मध्ये एक हिरवा ठिपका आहे, त्याला लागून गेलाय. एका बाजूला अगदी बारीक होत जातो. दुसरीकडे फाटे फुटलेत."

काकांचा आवाज बदलला. "किती फाटे?"

"दोन. थांब, तिसरा आहे. तो फार पुसट आहे."

हिरवा ठिपका म्हणजे ५२ सिग्नी हा तारा. फिल्टरमुळे तो हिरवट दिसतो. एका बाजूला निमुळता होत जाणारा पट्टा, दुसऱ्या बाजूला फुटलेले फाटे. चेक वटला होता. काकांनी खुर्ची जवळजवळ आईंसकट सरकवली आणि स्वतः डोळा लावला. बराच वेळ गेला.

"ठिपका आहे. पट्टा आहे," ते म्हणाले. "फाटे कुठायत?"

"आहेत तिथेच. असा टक लावून नको बघूस. जरा बाजूला बघ, म्हणजे दिसतील," आई म्हणाल्या. हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

काकांनी बाजूला बघितलं, वर बघितलं, शाल घेतली, शाल काढली, फिल्टर पुसला. फाटे काही फुटेनात. आई तोवर दुसऱ्यांदा बघून, चौथाही असावा, असं म्हणत होत्या.

त्याचं कारण काकांना रात्री अंथरुणावर सुचलं आणि त्यांनी मला उठवून सांगितलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. मोतीबिंदू धरला की आणखीनच. पिवळट भिंग निळ्या-हिरव्या उजेडाला अडवतं, म्हणजे नेमकं पाचशेच्या आसपासचं गिऱ्हाईक दारातून परत पाठवतं. आईंचं भिंग वैशाखात बदललेलं होतं. काका मात्र विकत आणलेल्या काचेने जी वाट मोकळी करत होते, तीच वाट डोळ्यात फुकट वाढलेल्या काचेने बुजवत होते. "इतकी वर्षं दोन फिल्टर लावून बघत होतो मी," ते अंधारात म्हणाले. वहीत त्यांनी साक्षीदाराच्या रकान्यात शाईने 'आई' लिहिलं होतं आणि त्याखाली, बँकेतल्या सवयीने, तिची सही घेतली होती.

पुण्याला परतल्यावर काका डोळ्यांच्या दवाखान्यात हजर झाले. सोबत वही, फिल्टरच्या डबीतला आलेख आणि प्रश्नांचा कागद होता.

"नवी लेन्स पाचशे नॅनोमीटरला किती टक्के उजेड सोडते?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पेपर वाचता येईल."

"पेपर नको. पिवळसर छटेची लेन्स असते म्हणे, ती निळं अडवते. ती मला नको. अडवायचं काम माझ्याकडे आहे."

डॉक्टरांनी हात जोडले आणि स्वच्छ काचेची लेन्स लिहून दिली. तारीख ठरवायला काका बाहेरच्या टेबलावर गेले. तिथल्या बाईंनी वही उलटली आणि महिन्याभरानंतरचा एक शुक्रवार सांगितला. काकांनी खिशातून घडी घातलेलं कालनिर्णयाचं पान काढलं.

"त्याच्या आसपास अमावास्या आहे."

"अगंबाई, हो की!" बाई म्हणाल्या. "मग नकोच. खूप पेशंट टाळतात तो दिवस. आम्हीही आग्रह करत नाही."

"पौर्णिमेला द्या," काका म्हणाले. "ही काय, दत्तजयंतीलाच येतेय."

"घ्या, फार छान दिवस आहे," बाईंनी नाव लिहून घेतलं.

पौर्णिमेच्या आठवड्यात डोळ्याला तसंही काही काम नसतं आणि पुढच्या अमावास्येला मृग ऐन वर असेल, एवढा साधा हिशोब होता. तो काकांनी दवाखान्यातही सांगितला नाही आणि घरीही नाही. काकूंनी त्या रात्री दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन केले. साठी उलटल्यावर का होईना, आमच्याकडे आता तिथीवार पाळायला लागलेत, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. काकांनी आत्याबाईंचं ऐकू येतंय असा चेहरा केला आणि लाल पेन शोधायला गेले.